मागच्या रांगेतून एक गाणं

मी गायक नाही, झीलकरी आहे. आमचे थोरले चुलते, नाना, सातारा भागात शाहिरी करायचे. डफ त्यांच्या हातात, तुणतुणं माझ्या. नानांची ओळ संपली की मागचे आम्ही तिघं-चौघं ‘जी जी’ करत ती उचलायचो. तेवढ्यात नाना दम घ्यायचे आणि लोकांच्या डोक्यात ओळ मुरायची. पुढे शिक्षण झालं, सॉफ्टवेअरच्या नोकरीनं अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवनला आणून टाकलं, आणि तुणतुणं साताऱ्यालाच खुंटीवर राहिलं.

तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात, जुनं टेबल फुकट मिळतंय असं कळलं म्हणून एका कम्युनिटी हॉलच्या तळघरात गेलो. टेबल कुणीतरी आधीच उचललं होतं. पण कोपऱ्यात पाच म्हातारे गोल करून गात होते. एकजण पुढे गातोय, बाकीचे मागून बिनअर्थाची अक्षरं धरून ठेवतायत. वाद्य एकही नाही. मी दारातच थबकलो. अहो, ही तर झील!

त्यांचा खर्जात गाणारा गडी त्या वर्षी फ्लोरिडाला राहायला गेला होता. म्होरक्या होता एक निवृत्त पोस्टमन. मी मनातल्या मनात त्यांना पोस्टमनकाका म्हणायचो, पुढे तोंडावरही म्हणायला लागलो आणि त्यांना ते आवडलं. त्यांनी मला एक खालचा सूर धरायला सांगितला. मी धरला. तो पुढची बारा वर्षं धरून राहिलो.

गाणं होतं ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’. फाइव्ह सॅटिन्स नावाच्या, न्यू हेवनच्याच पोरांनी १९५६ मध्ये रेकॉर्ड केलेलं. या जातीच्या गाण्याला जग डू-वॉप म्हणतं. कोपऱ्याकोपऱ्यावर, जिन्याखाली, शाळेच्या बाथरूममध्ये, जिथे आवाज घुमेल तिथे उभं राहून कृष्णवर्णीय पोरं गायची ते हे गाणं. नाव मागाहून चिकटलं. पोस्टमनकाकांच्या तोंडी तो शब्द मी क्वचितच ऐकला, ते नुसतं ‘ग्रुप हार्मनी’ म्हणायचे. या एका गाण्याच्या मागे लागून मला जे कळलं, ते जसं कळलं तसं लिहितोय.

१. जागेची लाज बाळगू नये

हे गाणं कुठल्या स्टुडिओत झालेलं नाही. न्यू हेवनच्या सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात झालं, फेब्रुवारी १९५६ मध्ये. गाणं लिहिणारा आणि पुढे गाणारा फ्रेड पॅरिस तेव्हा १९ वर्षांचा, सैन्यात भरती झालेला. सुट्टीत प्रेयसीला भेटून तो फिलाडेल्फियाच्या तळावर परतला, रात्री पहाऱ्यावर उभा राहिला आणि तिथे हे शब्द सुचले. पहाऱ्यावरच्या जवानानं खरं तर अंधाराकडे लक्ष द्यायचं असतं.

तळघर मिळालं ते सॅक्सोफोन वाजवणाऱ्या व्हिनी मॅझेट्टामुळे. तो त्या चर्चचा सभासद, त्यानं शब्द टाकला आणि जागा मिळाली. गाणारे कृष्णवर्णीय, सॅक्सोफोनवाला गोरा इटालियन घरातला, आणि साल १९५६. आज हे वाचताना काही वाटत नाही, तेव्हा वाटत असणार. गाण्याच्या मधोमध मॅझेट्टाचा तुकडा आहे. तो कुठेही चमक दाखवत नाही. कीर्तनात बुवा पाणी प्यायला थांबले की पेटीवाला जसा हळूच सूर फिरवत राहतो, तसा.

पोस्टमनकाकांनी मला एका रविवारी गाडीत घालून टाउनसेंड अ‍ॅव्हेन्यूवर नेलं आणि ते चर्च दाखवलं. समुद्राकडच्या अंगाला, शांत वस्तीतलं. माझ्या डोळ्यांपुढे नानांची तालीम आली. ती मारुतीच्या देवळामागच्या धान्याच्या कोठीत चालायची, कारण घरी आजी झोपलेली असायची.

लॉस एंजेलिसमध्ये पेंग्विन्स मंडळींनी ‘अर्थ एंजल’ हे गाणं १९५४ मध्ये एका गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलं. शेजारचा कुत्रा भुंकला की सगळं थांबवायचं, कुत्र्याला गप्प करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून, असं त्याबद्दल सांगतात. आम्हीही एकदा माझ्या घरच्या तळघरात रेकॉर्डिंगचा घाट घातला. जानेवारी महिना, बाहेर उणे बारा. तळघरातच घर गरम ठेवणारी भट्टी. दर दहा मिनिटांनी ती ‘भप्प’ करून पेटायची आणि टेक वाया. शेवटी मी तिचं बटणच बंद केलं. आमचं गाणं मनासारखं झालं तोवर बायको वरच्या मजल्यावर स्वेटर, त्यावर कोट, त्यावर गोधडी अशी बसली होती. ती ध्वनिफीत माझ्याकडे आहे. शेवटच्या ओळीनंतर वरून तिचा आवाज येतो, “झालं का हो?” पोस्टमनकाकांनी तो भाग कापू दिला नाही.

२. नावात पाच, गायला चौघं

फाइव्ह सॅटिन्स म्हणजे पाच जण असणार, असं मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो. या ध्वनिमुद्रिकेवर आवाज आहेत चार. पुढे पॅरिस, मागे अ‍ॅल डेन्बी, एड मार्टिन आणि जिम फ्रीमन. आमच्या नानांच्या पथकाच्या फलकावर ‘आणि १५ कलाकारांचा संच’ असं रंगवलेलं होतं. आम्ही सहा होतो. तेव्हापासून मी कुणाच्याही फलकावरचा आकडा मोजायला जात नाही.

३. सूर चारच, पण आपली जागा सोडायची नाही

इथे मला सगळ्यात जास्त मार बसला.

पोवाड्याच्या झिलेत मागचे सगळे एकच सूर धरतात, तोही वरच्या पट्टीत, माळावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. डू-वॉपमध्ये मागच्या प्रत्येकाचा सूर वेगळा. चालीचा सांगाडा अगदी साधा आहे. आपल्या भाषेत मांडायचा तर पहिल्यांदा सा-ग-प, मग ध-सा-ग, मग म-ध-सा, मग प-नी-रे, आणि पुन्हा पहिल्यापासून. सगळे शुद्ध स्वर. बहुतेक गाणंभर हाच रहाट फिरतो. तळाला माझं काम एवढंच: सा, ध, म, प. लयीत प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे पडतात, पियानो ते तीन-तीन करून कुटत राहतो, म्हणून गाणं संथ असूनही डुलतं. त्या काळातली असंख्य गाणी याच चार पायऱ्यांवर उभी आहेत. म्हणूनच एक गाणं शिकलो की दहा येतात, आणि दहाही एकमेकांत मिसळतात.

साधं आहे म्हणालो खरं, पण माझा कान सारखा शेजारच्याच्या सुराकडे पळायचा. तो ‘ग’वर, मी ‘सा’वर, दोन ओळींनंतर मीही ‘ग’वर. लहानपणापासूनची सवय, सगळ्यांनी एक सूर धरायचा. शिवाय मी आवाज चढवायचो. पोस्टमनकाका गाणं थांबवून म्हणायचे, “बाबा रे, समोर शेत नाहीये.” त्यांना शेताचं काय माहीत म्हणा, मीच कधीतरी सांगितलं होतं.

त्यांनी उपाय सांगितला: एका कानावर हात ठेव. मला हसूच आलं. नाना आयुष्यभर एका कानावर हात ठेवून गायले. मला वाटायचं ती शाहिराची ऐट. तो स्वतःचा सूर स्वतःला ऐकू यावा म्हणूनचा हात होता, हे मला साडेबारा हजार किलोमीटरवर एका पोस्टमननं शिकवलं.

आणि मग एका संध्याकाळी ते घडलं. चौघांचे सूर नेमके जुळले आणि आमच्यापैकी कुणीच गात नव्हता असा एक पाचवा सूर वर तरंगायला लागला. तंबोरा नीट लागला की षड्जातून गंधार आपोआप ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात त्याला, त्याच जातीचा हा प्रकार. सुरांच्या वरच्या अंशांचा तो मेळ असतो. मला तेव्हा अंशबिंश काही आठवलं नाही. पोटात काहीतरी हललं, एवढं आठवतं. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सूर मोडला असता.

४. पाठची बाजू उलटून बघावी

‘इन द स्टिल ऑफ द नाइट’ ही तबकडीची मुख्य बाजू नव्हती. पुढे होतं ‘द जोन्स गर्ल’. हे गाणं मागच्या बाजूला, भरतीला घातलेलं. स्टँडॉर्ड या छोट्या स्थानिक कंपनीनं आधी तबकडी काढली, मग न्यूयॉर्कच्या एम्बर कंपनीनं घेतली, आणि रेडिओवाल्यांनी ती उलटून वाजवली. पुढची बाजू आज कुणाच्या ध्यानीमनी नाही.

तेव्हापासून माझी खोड झालीय. कुठलीही जुनी रेकॉर्ड हाती आली की मी आधी मागची बाजू लावतो. दहातल्या नऊ वेळा ती मागचीच निघते, हेही सांगून टाकतो.

५. गाणं लागलं तेव्हा गाणारा गावात नव्हता

१९५६ मध्ये हे गाणं बिलबोर्डच्या रिदम अँड ब्लूज यादीत ३ नंबरपर्यंत आणि सर्वसाधारण यादीत २४ नंबरपर्यंत गेलं. पण फ्रेड पॅरिसची पलटण जपानला. देशभर रेडिओवर त्याचा आवाज आणि तो स्वतः परेडीत उभा. इकडे कार्यक्रमांना मागणी आली, पैसे थांबत नाहीत, मग मंडळींनी बिल बेकर नावाचा दुसरा पुढारी गायक घेतला. त्याच्या आवाजातलं ‘टु द आइल’ १९५७ मध्ये गाजलं. पॅरिस १९५८ मध्ये परतला तेव्हा त्याला नव्यानं संच उभा करावा लागला.

माझं मत विचाराल तर यात बेकरचा काही दोष नाही. नानांना एकदा ऐन यात्रेत टायफॉइड झाला, तेव्हा पुढची जागा शेजारच्या गावच्या शाहिरानं घेतली. तो बरा गायला. नाना बरे होऊन आले आणि म्हणाले, “चला, पथक मोडलं नाही.” रात्री मात्र जेवले नाहीत.

६. आपलं नाव आपणच ओवावं

आपल्याकडे गाण्याच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव येतं. संतांच्या अभंगात, शाहिरांच्या लावणीत, पोवाड्यात. नाममुद्रा म्हणतात तिला. मला ती लहानपणी भक्तीची, नाहीतर फुशारकीची गोष्ट वाटे. ती गाण्यातच शिवलेली सहीच असते. नाव काढायचं तर यमक मोडतं, आणि गाणारा ते सहसा मोडत नाही.

नानांनी निम्म्या पदांत मुद्रा घातली, निम्म्यांत घातली नाही. म्हणायचे, घरातलंच तर आहे. त्या दुसऱ्या निम्म्यांतलं एक पद पुढे एका कॅसेटवर ऐकलं. खाली भलत्याचंच नाव. त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही, तो आता नाही आणि नानाही नाहीत.

न्यू हेवनच्या गाण्याला मुद्रा नाही, पण तबकडीच्या कागदावर लेखक म्हणून पॅरिस हे एकच नाव आहे. त्या काळात हेही नशीबच. नावाचा घोळ झाला तो वेगळा. कोल पोर्टरचं १९३७चं याच नावाचं एक प्रसिद्ध गाणं होतं. गल्लत नको म्हणून ‘नाइट’चं स्पेलिंग दुकानाच्या पाटीवर असतं तसं आखूड केलं, आणि पुढच्या प्रतींवर आधी ‘आय विल रिमेम्बर’ची जोड दिली. लोकांनी दोन्हीकडे दुर्लक्ष केलं.

ज्यांचं नशीब नव्हतं त्यांचीही गोष्ट सांगतो, कारण पोस्टमनकाका ती सांगताना दरवेळी चिडायचे. त्याच वर्षी, जानेवारी १९५६ मध्ये, न्यूयॉर्कच्या शाळकरी पोरांच्या टीनएजर्स या संचाचं ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ आलं. पुढे गाणारा फ्रँकी लायमन १३ वर्षांचा. अमेरिकेत ते ६ नंबरपर्यंत गेलं, ब्रिटनमध्ये पहिल्या. लेखक म्हणून सुरुवातीला लायमन, हर्मन सँटियागो आणि कंपनीचा मालक जॉर्ज गोल्डनर. मग सँटियागोचं नाव गळालं. मग गोल्डनरच्या जागी त्याच्या कंपन्या गिळणाऱ्या मॉरिस लेव्हीचं नाव आलं. म्हणजे पोरांच्या गाण्याचा लेखक कोण, तर कॅशबॉक्सवर बसलेला माणूस.

लायमन १९६८ मध्ये २५व्या वर्षी हेरॉइननं गेला. १९८१ मध्ये डायना रॉसनं गाणं पुन्हा गायलं, पैसा यायला लागला, आणि आपणच त्याची विधवा म्हणत तिघी कोर्टात उभ्या राहिल्या. न्यूयॉर्कच्या अपील कोर्टानं एकीच्या बाजूनं निकाल दिला. दरम्यान सँटियागो आणि जिमी मर्चंट म्हणत होते की गाणं मुळात आमचं. १९९२ मध्ये ज्यूरीनं त्यांचं म्हणणं मान्य केलं. चार वर्षांनी वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला: दावा तीन वर्षांच्या मुदतीत करायला हवा होता. गाणं तुम्ही लिहिलं नाही, असं त्या कोर्टानं म्हटलंच नाही. उशीर झाला, एवढंच म्हटलं.

पोस्टमनकाका इथे टेबलावर हात आपटायचे. “तीन वर्षं! माझ्याकडे याहून जुनी पत्रं पोचवायची राहून गेली होती, ती मी पोचवली.”

तेव्हा आमच्या हौशी मंडळींत कुणी चाल बांधली, कुणी मागचा एखादा तुकडा सुचवला, तर मी वहीत तारीख घालून लिहून ठेवायचो. सगळे हसायचे. वही अजून आहे.

७. एकदा लागलेलं गाणं पुन्हा लागतं

आपल्याकडे जुन्या गाण्यांना कार्यक्रम मिळतो तो साठी-पंचाहत्तरीला. या गाण्याला तीन वर्षांतच मिळाला. लॉस एंजेलिसचा रेडिओवाला आर्ट लबो याच्या लक्षात आलं की पोरंपोरी चार वर्षांपूर्वीचीच गाणी ‘जुनी’ म्हणून मागतायत. त्यानं १९५९ मध्ये ‘ओल्डीज बट गुडीज’ नावाची मोठी तबकडी काढली आणि तीत हे गाणं घातलं. गाणं १९६० आणि १९६१ मध्ये पुन्हा बिलबोर्डवर आलं, तळाशी का होईना. न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्रावर श्रोते दरवर्षी आवडती ५०० जुनी गाणी निवडायचे, तिथे वर्षानुवर्षं हेच पहिलं. १९८७ मध्ये ‘डर्टी डान्सिंग’ सिनेमात आलं. १९९२ मध्ये बॉइज टू मेननं गायलं ते सर्वसाधारण यादीत थेट ३ नंबरवर गेलं, मूळच्यापेक्षा कितीतरी वर. आणि २०१९ मध्ये स्कॉर्सेसीच्या ‘द आयरिशमन’ची सुरुवातच या गाण्यानं झाली. वृद्धाश्रमाच्या बोळातून कॅमेरा सरकत जातो आणि मागे हे. मी तो बोळ पाहिला आणि मला आमचा कम्युनिटी हॉल आठवला.

८. जे म्हणतील ते म्हणू द्यावं

एका वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी या मंडळींना घेऊन गेलो. चार म्हातारे अमेरिकन, पाचवा मी, सगळ्यांना मी झब्बे दिलेले, पोस्टमनकाकांचा गुडघ्यात आखूड. कार्यक्रमपत्रिकेवर आमच्यापुढे ‘अमेरिकन भजन’ असं छापलं होतं. मला आधी राग आला. मग वाटलं, काय चुकलंय? एकजण पुढे म्हणतो, बाकीचे धरून ठेवतात. गाणं झालं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक आजी मला म्हणाल्या, “मागचे चांगले होते हो.” इतक्या वर्षांत मिळालेली ही एकच दाद मला तोंडपाठ आहे.

पोस्टमनकाका गेल्यावर आमचं बसणं थांबलं. फ्रेड पॅरिसही जानेवारी २०२२ मध्ये गेला, ८५ वर्षांचा होऊन. मी त्याला कधी भेटलो नाही. त्याच्या गावात राहून भेटलो नाही, याची रुखरुख आहे.

गाणं तीन मिनिटांचं आहे, मोबाइलवर मिळेल. हेडफोन लावून दोनदा ऐका. पहिल्यांदा पॅरिसला ऐका. दुसऱ्यांदा त्याला सोडून द्या आणि मागच्या तिघांना ऐका.